नर्सिंगचं पहिलं वर्ष: आधी काय शिकावं, कसं शिकावं

फर्स्ट इयरला ‘फंडामेंटल्स’चं जाडजूड पुस्तक हातात पडतं आणि मुलं पहिल्या पानापासून पाठांतराला लागतात. व्याख्या, सनावळ्या, नीतीची तत्त्वं. पेपरापुरतं ते भागतं. मग क्लिनिकल पोस्टिंग लागतं, मेडिकल वॉर्डात उभं राहावं लागतं आणि पाठ केलेल्यातलं काय कुठे वापरायचं तेच कळत नाही. इतिहास, कायदा, नीती आणि वैद्यकीय शब्द हे पुस्तकात चार वेगळे धडे असतात. वॉर्डात ते चारही एकाच कागदावर येतात. तुम्ही स्वतः पाहिलेलं, वेळ घालून लिहिलेलं आणि खाली सही केलेलं असा तो कागद. म्हणून इथे क्रम पुस्तकाचा नाही, वॉर्डाचा आहे.

पायरी १: प्रवेशाआधी कागद तपासा

एएनएम (ऑक्झिलरी नर्स अँड मिडवाइफ) कोर्स दोन वर्षांचा, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. बी.एस्सी.साठी बारावी सायन्स आणि सीईटी लागते. यांपैकी काहीही पूर्ण केलं की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली ही नोंदणी होते आणि ती नसेल तर नर्स म्हणून काम करता येत नाही, गुण कितीही पडलेले असोत. तालुक्याच्या गावी सहा महिन्यांचे ‘नर्सिंग असिस्टंट’ छापाचे वर्ग असतात, गणवेशही तसाच देतात. तिथे पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: हा कोर्स केल्यावर कौन्सिलची नोंदणी मिळते का? उत्तर गोलमोल आलं तर पायात चपला घाला आणि निघा.

देशपातळीवर आजवर १९४७ च्या कायद्यानुसार भारतीय नर्सिंग कौन्सिलचं नियमन होतं. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा केला. दोन्ही नावं पेपरात येतात, गोंधळ करू नका.

पायरी २: कोण कोण आहे ते ओळखा

सरकारी कागदावर स्टाफ नर्स म्हणजे अधिपरिचारिका, इन्चार्ज सिस्टर म्हणजे परिसेविका, मेट्रन म्हणजे अधिसेविका आणि तुम्हाला शिकवणाऱ्या ट्यूटर म्हणजे पाठ्यनिर्देशिका. पेशंटच्या तोंडी सगळ्या ‘सिस्टर’, मुलगे ‘ब्रदर’. वॉर्डबॉयला मामा आणि आयाला मावशी म्हणायची पद्धत आहे. ती पाळा. चादरी कुठे मिळतात, सक्शन मशीनचं कोणतं बटण अडकतं, कुठल्या पेशंटचा नातेवाईक रात्री दारू पिऊन येतो, हे मावशींना ठाऊक असतं.

पायरी ३: मोजायला शिका, खरं मोजायला

टीपीआर म्हणजे तापमान, नाडी, श्वास, आणि बीपी. तापमान ९८.६ फॅरनहाइटच्या आसपास, नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, बीपी साधारण १२०/८०, ऑक्सिजन ९५ टक्क्यांच्या वर. हे प्रौढ माणसाचे आकडे आहेत. लहान मुलांचा तक्ता वेगळा, तो वेगळाच पाठ करा.

नाडी अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तीन बोटांनी पाहायची. स्वतःचा अंगठा वापरायचा नाही, त्यात आपलेच ठोके लागतात. सुरुवातीला पूर्ण मिनिट मोजा, १५ सेकंदांचं चौपट करू नका, कारण अनियमित ठोका त्यात निसटतो. बीपी घेण्याआधी पेशंटला पाच मिनिटं बसू द्या, हात हृदयाच्या पातळीवर, पायावर पाय नको. चहा किंवा बिडी नुकतीच झाली असेल तर अर्धा तास थांबा.

श्वास मोजणं सगळ्यात दुर्लक्षित. पेशंटला ‘तुमचा श्वास मोजते’ म्हटलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची आणि नजर छातीवर न्यायची. त्याला वाटतं अजून नाडीच चालू आहे. आता कुठल्याही वॉर्डातला रात्रीचा चार्ट उघडून बघा: तीस पेशंट आणि तिसांचाही श्वास २०. हे मोजलेलं नाही, भरलेलं आहे. पेशंट बिघडायला लागला की पुष्कळदा आधी श्वासाचा वेग वाढतो, बीपी नंतर पडतं. भरलेल्या चार्टात तो इशारा दिसणारच नाही.

लिहितानाही तसंच. ‘पेशंट बरा आहे’ किंवा ‘जनरल कंडिशन फेअर’ याने पुढच्या ड्युटीला काही कळत नाही. त्याऐवजी: ‘रात्री १०.४०, पेशंट अस्वस्थ, श्वास मिनिटाला २८, उताणं झोपवत नाही, दोन उशा मागतो. ड्युटी डॉक्टरांना फोनवर कळवलं, १०.५५ ला येऊन पाहिलं.’ सकाळी ओव्हर घेणारी, म्हणजे ड्युटी ताब्यात घेणारी सिस्टर हे वाचून थेट त्या बेडकडे जाते.

पायरी ४: केस पेपरची भाषा

वैद्यकीय शब्द सुटे पाठ करू नका, तोडून पाठ करा. शेवटी ‘आयटिस’ म्हणजे दाह, सूज. ‘एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकणं, ‘ऑटमी’ म्हणजे छेद, ‘ऑस्टमी’ म्हणजे शरीराबाहेर उघडणारा मार्ग करणं. ‘ईमिया’ रक्ताशी, ‘युरिया’ लघवीशी. सुरुवातीला ‘हायपर’ जास्त, ‘हायपो’ कमी, ‘टॅकी’ वेगाने, ‘ब्रॅडी’ सावकाश, ‘डिस’ त्रासाने, ‘अ’ किंवा ‘अन’ म्हणजे नसणं. एवढ्यावर अपेंडिसायटिस, अपेंडिसेक्टॉमी, ट्रॅकिऑस्टमी, हिमॅच्युरिया, ब्रॅडिकार्डिया, अन्युरिया हे सगळे आपोआप उलगडतात. एक धोका मात्र आहे: फोनवर ‘हायपर’ आणि ‘हायपो’ सारखेच ऐकू येतात. फोनवर ‘हायपोग्लायसीमिया’ म्हणून थांबू नका, ‘शुगर ५२ आहे’ असा आकडा सांगा.

आता एक ओळ घेऊ, जशी केस पेपरवर असते: ‘के/सी/ओ डीएम, एचटीएन. सी/ओ डिस्प्निया सिन्स टू डेज. टॅकिकार्डिया, बायलॅटरल पेडल इडिमा. इंजेक्शन लॅसिक्स ४० एमजी आयव्ही स्टॅट. स्ट्रिक्ट आय/ओ.’ म्हणजे आधीपासून मधुमेह आणि उच्च रक्तदाब असलेला पेशंट, दोन दिवसांपासून दम लागतो, नाडी वेगात, दोन्ही पावलांवर सूज, लॅसिक्स शिरेतून ताबडतोब द्यायचं आणि आत गेलेलं-बाहेर आलेलं पाणी काटेकोर मोजायचं.

अर्थ कळला. पण नर्सचं काम त्या ओळीच्या पुढे सुरू होतं. डोकं उंच करून बसतं झोपवा. लॅसिक्स देण्याआधी बीपी बघा. ते सावकाश द्या. त्याने लघवी भराभर होणार, म्हणून युरीनल हाताशी ठेवा, नाहीतर दम लागलेला माणूस बाथरूमकडे धावेल आणि वाटेत पडेल. लघवी मोजून लिहा. रोज सकाळी त्याच काट्यावर वजन घ्या. हे सगळं त्या एका ओळीत न लिहिता दडलेलं असतं.

औषधांच्या वेळा: ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तर, स्टॅट आत्ताच्या आत्ता, एनबीएम म्हणजे तोंडाने काहीही नाही, पाणीसुद्धा. डोळ्यांच्या वॉर्डात मात्र ‘ओडी’चा अर्थ उजवा डोळा होतो. तिथे आंधळेपणाने ‘दिवसातून एकदा’ वाचलंत तर थेंब भलत्याच डोळ्यात जातील.

इन्सुलिनपाशी जरा थांबा. आपल्याकडे सरकारी पुरवठ्यात आणि दुकानातही बहुतेक व्हायल एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं इन्सुलिन १०० युनिटचं आणि १०० च्या सिरिंजला नारिंगी टोपण. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चं इन्सुलिन २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर पेशंटला २० ऐवजी ५० युनिट जातात. व्हायलवरचा आकडा आणि टोपणाचा रंग, दोन्ही जुळल्याशिवाय सुई टोचायची नाही. लिहिताना ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा. इंग्रजीत नुसतं ‘यू’ अक्षर टाकलं तर ते शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात. तसंच पूर्णांकापुढे दशांश देऊन शून्य लिहू नका, आणि अर्धा असेल तर आधी शून्य लिहायला विसरू नका: ०.५.

सलाईनचे थेंब काढायचं गणित पेपरात हमखास येतं. ५०० मिली आठ तासांत द्यायचं, सेट २० थेंबांना एक मिली देणारा. ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, तो बघून मगच गणित मांडा. मायक्रो सेटला एका मिलीला ६० थेंब लागतात.

दुसरी भाषा पुस्तकात नसते, ती पेशंटची. ‘उन्हाळी लागलीय’ म्हणजे लघवीला जळजळ, ती तुम्ही डिस्युरिया म्हणून लिहिणार. ‘अंगावरून पांढरं जातं’ म्हणजे श्वेतप्रदर. ‘अंग बाहेर येतं’ म्हणजे गर्भाशय खाली सरकलेलं, आणि हे आजीबाई चौथ्या दिवशी, तेही मावशींच्या कानात सांगतात. ‘वार पडली नाही’ हे ऐकलं तर धावायचं, वार म्हणजे प्लासेंटा, ती आत राहिली असेल तर बाळंतिणीला रक्तस्राव होऊ शकतो. आकडी, घेरी, मुंग्या, कळ, मुरडा, आव हे सगळे शब्द वेगवेगळं काही सांगतात. पेशंटचेच शब्द आधी तसेच्या तसे लिहून घ्या, वैद्यकीय नाव नंतर.

पायरी ५: इतिहास, पण कशासाठी

फ्लॉरेन्स नाइटिंगेल १२ मे १८२० ला जन्मल्या, क्रिमियन युद्धात १८५४ साली ३८ परिचारिका घेऊन स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या, १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रशिक्षण शाळा सुरू झाली. हे पाठ कराच, दिव्याचं चित्रही काढा. पण माझ्या मते त्यांची खरी ओळख दिवा नाही, तक्ता आहे. स्कुटारीत मृत्यू झपाट्याने कमी झाले ते १८५५ च्या वसंतात गटारं साफ झाल्यावर, हवा खेळती झाल्यावर. परतल्यावर त्यांनी मृत्यूंचे आकडे मांडले आणि सैनिक जखमांपेक्षा रोगाने जास्त मेले हे आकृत्या काढून सरकारच्या नजरेसमोर ठेवलं. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सदस्य करून घेतलं, त्या तिथल्या पहिल्या महिला. सगळ्यांचा श्वास २० लिहिणाऱ्या चार्टातून असा तक्ता कधीच निघाला नसता.

लॅम्प लाइटिंगला, म्हणजे दिवा पेटवून होणाऱ्या शपथविधीला, आपण जी नाइटिंगेल शपथ घेतो ती त्यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झाली. व्हायव्हात हा प्रश्न आवडीने विचारतात.

भारतात १८७१ मध्ये मद्रासच्या सरकारी रुग्णालयात परिचारिकांचं प्रशिक्षण सुरू झालं. मुंबईत कामा रुग्णालय १८८६ चं, आणि प्रशिक्षणाला आलेल्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून १८९१ च्या नोंदीत बाई काशीबाई गणपत यांचं नाव पुस्तकं देतात, एका ओळीत. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया १९०८ ची. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, त्या काळी घरातून केवढा विरोध झाला असेल त्याचा अंदाज करा. सावित्रीबाई फुल्यांचं नाव नर्सिंगच्या धड्यात सहसा येत नाही. १८९७ च्या प्लेगात मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रुग्ण आणून त्यांची शुश्रूषा करत होत्या. त्यातच प्लेग होऊन १० मार्चला गेल्या. धड्यात त्या असायला हव्यात.

पायरी ६: कायदा, जो सहीपाशी येऊन थांबतो

निष्काळजीपणा सिद्ध व्हायला चार गोष्टी लागतात: काळजी घेण्याचं कर्तव्य होतं, ते मोडलं, पेशंटचं नुकसान झालं, आणि नुकसान त्या मोडण्यामुळेच झालं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली. फौजदारी बाजू १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पण नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना तसं घडलं तर दोन वर्षांपर्यंत. ही सवलत कोणाला, ते कलमातच सांगितलंय: ज्याचं नाव मेडिकल रजिस्टरमध्ये आहे त्याला. नर्सचं नाव नर्सिंग रजिस्टरमध्ये असतं. म्हणजे एकाच बेडवरच्या एकाच चुकीसाठी तुमच्यापुढे जास्त शिक्षेची शक्यता आहे. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आज कायदा असा आहे.

म्हणून न दिलेल्या इंजेक्शनवर सही करायची नाही, आणि दिलेल्यावर लगेच करायची. ड्युटी संपताना एकत्र नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, वर सही, तारीख, वेळ. खाली काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर लावलेला केस पेपर कोर्टात तुमच्याच विरुद्ध बोलतो. फोनवर तोंडी ऑर्डर आली तर परत वाचून दाखवा, दुसऱ्या नर्सला ऐकवा, वेळेसकट लिहा आणि डॉक्टर आले की सही घ्या. मॉर्फिन, फेंटॅनिलसारखी औषधं कुलुपात असतात, रजिस्टरमध्ये प्रत्येक अँप्यूलचा हिशेब आणि रिकामं अँप्यूल परत.

संमतीपत्राबद्दल: ‘जा, सही घेऊन ये’ असं तुम्हाला सांगितलं जाईल. शस्त्रक्रिया, तिचे धोके आणि पर्याय समजावणं हे ती करणाऱ्या डॉक्टरांचं काम आहे. तुम्ही साक्षीदार. पेशंटने ‘कशाचं ऑपरेशन आहे हो?’ असं विचारलं तर कागद बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. पेशंट शुद्धीवर आणि १८ वर्षांच्या वरचा असेल तर सही त्याचीच, नवऱ्याची किंवा थोरल्या मुलाची नव्हे. गर्भपाताच्या कायद्यातही सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याच्या सहीची अट नाही. हे तिच्या सासूला शांतपणे सांगायची तयारी ठेवा.

एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल, पोलिसांपर्यंत जाणारी केस: विषबाधा, भाजणं, मारहाण, अपघात. पोट धुतल्यावर निघालेलं पहिलं पाणी फेकायचं नाही, सीलबंद करून ठेवायचं. कपडे कापावे लागले तर भोसकल्याच्या भोकातून किंवा डागावरून कापू नका, वाळवून कागदात बांधा. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं लक्षात आलं तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, गप्प राहणं हाच गुन्हा.

गर्भलिंगनिदानाचा कायदा महाराष्ट्राने देशाच्या आधी, १९८८ मध्ये केला. आता लागू आहे तो १९९४ चा केंद्रीय कायदा. त्यात शब्दाने, खुणेने किंवा इतर कुठल्याही रीतीने सांगायला मनाई आहे. सोनोग्राफीच्या दाराशी ‘पेढ्यांची ऑर्डर द्या’ म्हणणं ही खूणच आहे, आणि ती नर्सने केली तरी गुन्हाच.

तुमच्यावर कुणी हात उचलला तर २०१० चा महाराष्ट्राचा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद. लेखी तक्रार त्याच दिवशी द्या.

पायरी ७: नीती, जी परीक्षेत सोपी असते

स्वायत्तता, हित, अहित न करणं, न्याय. चार तत्त्वं, चार मार्क. वॉर्डात ती एकमेकांशी भांडतात.

रोज दिसणारा प्रसंग: मुलगा दाराबाहेर गाठून सांगतो, ‘सिस्टर, बाबांना कॅन्सर आहे हे कळू देऊ नका, खचतील.’ आत बाबा विचारतात, ‘मला काय झालंय?’ खोटं बोलायचं नाही, आणि निदान जाहीर करणंही तुमच्या हातात नाही. ‘तुम्हाला काय वाटतंय?’ असं विचारा. पुष्कळदा त्यांना अर्धं कळलेलंच असतं. मग सांगा की उद्या राऊंडला डॉक्टरांना विचारू, मी तेव्हा थांबते. हे इन्चार्जला आणि डॉक्टरांना कळवा, आणि लिहा की पेशंटने स्वतःहून विचारलं. त्या नोंदीनंतर ‘पेशंटला जाणूनच घ्यायचं नव्हतं’ असं कुणी म्हणू शकत नाही.

गुप्तता म्हणजे लिफ्टमध्ये चौदा नंबर बेडची चर्चा नाही, वॉर्डातलं रील नाही, मागे पेशंटचा पाय दिसेल असा सेल्फी नाही. एचआयव्हीचा रिपोर्ट केस पेपरच्या कव्हरवर लाल पेनाने लिहिणं तर २०१७ च्या कायद्याच्याही विरुद्ध. एनिमा देताना, कॅथेटर घालताना पडदा आधी, ट्रे नंतर.

नीती आणि कायदा एकत्र वाचायचे तर अरुणा शानबाग यांचं प्रकरण वाचा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका, २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूला इजा झाली. १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत, जवळपास ४२ वर्षं, केईएमच्या परिचारिकांनी पिढी बदलत त्यांना सांभाळलं. दयामरणाच्या याचिकेवर ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: याचिका फेटाळली, पण ठरावीक प्रक्रियेने जीवरक्षक उपचार थांबवायला तत्त्वतः वाट दिली. त्यांच्या वतीने निर्णय सांगण्याचा हक्क न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर झाला नाही, हेही निकालात नोंदलेलं आहे. पोझिशन दर दोन तासांनी बदलायची, हे ‘फंडामेंटल्स’मधलं सगळ्यात कंटाळवाणं वाक्य. दशकांमागून दशकं ते पाळलं की काय होतं, ते तिथे दिसतं. २०१८ मध्ये घटनापीठाने पुढे जाऊन उपचारांबाबतच्या आगाऊ इच्छापत्राला (लिव्हिंग विल) मान्यता दिली.

पायरी ८: पोस्टिंगच्या आधी स्वतःचं

हिपॅटायटिस बीचे तीन डोस असतात: पहिला, एका महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. म्हणजे प्रवेश झाला त्याच आठवड्यात सुरू करा, पोस्टिंगची वाट बघू नका. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका, थेट पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाका. सुई टोचलीच तर जखम पिळू नका, बोट तोंडात घालू नका, वाहत्या पाण्यात साबणाने धुवा आणि इन्चार्जला लगेच सांगा. एचआयव्हीविरोधी औषध गरज असेल तर जितक्या लवकर तितकं बरं, शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर उपयोग नाही. ओरडा बसेल म्हणून पहिल्या वर्षाची मुलं हे लपवतात. रजिस्टरमध्ये नोंद करून घ्या, वेळेसकट, आणि त्या नोंदीचा फोटो स्वतःकडे ठेवा.